गॅस म्हणजे चूल नव्हे

महाशिवरात्रीला आमच्या घरी चूल पेटत नसे. उपास तर सगळ्या गावाचाच असायचा, पण इतरांकडे भगरीपुरता, रताळी उकडण्यापुरता का होईना जाळ व्हायचा. आमच्याकडे दिवेलागण होईपर्यंत राखेतला निखारासुद्धा उकरायचा नाही अशी रीत होती. का, म्हणून विचारलं की फुई म्हणायची, "त्याना गळा पहिलेच पोळेल शे. आखो ऊन ऊन काय दाखाडतस त्याले?" तो म्हणजे महादेव. विष पिऊन गळा पोळलेल्या देवापुढे त्या दिवशी गरम म्हणून काही न्यायचं नाही, असा तिचा हिशेब. रताळी आदल्या संध्याकाळी उकडलेली, दूध आदल्या संध्याकाळी तापवून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेलं, आणि दिवसभर केळी, खजूर, गूळ-शेंगदाणे. फुई म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, आत्या. लग्न होऊन थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. शेत तिच्या नावावर नव्हतं, घर तिच्या नावावर नव्हतं, पण घरातल्या झाडून सगळ्या रीतींची मालकीण तीच होती.

त्या दिवसाची दुसरी रीत घोट्याची, म्हणजे दुधातल्या भांगेची. मागच्या अंगणात मोरीच्या पाण्यावर भांगेचं एक झुडूप आपोआप वाढलेलं होतं. आज तसं झुडूप कुणाच्या अंगणात दिसलं तर पोलिसांची गाडी दारात उभी राहील; तेव्हा त्याच्याकडे तुळशीइतकंही कुणी बघत नसे. फुई सकाळी त्याची ताजी पानं खुडायची, गार पाण्यात चोळून चोळून धुवायची, हिरवं पाणी फेकून द्यायची आणि मिरी, बडीशेप, खसखस घालून पाट्यावर वाटायला बसायची. वरवंट्याचा तो ओला, जड आवाज अजून माझ्या कानात आहे. माणशी लिंबाएवढा गोळा, अगदी सढळ हातानं, गार दुधात कालवायचा, फडक्यातून गाळायचा आणि दारात येईल त्याला पेलाभर द्यायचा. लेकरं आणि गरोदर बाया सोडून सगळ्यांना. चव म्हणाल तर गवत चावल्यासारखी. त्या घोट्यानं कुणाला काही चढल्याचं मी कधी पाहिलं नाही. पोटाला गार वाटायचं, दुपारी डोळा बरा लागायचा, एवढंच. पण चढल्याचं सोंग मात्र सगळे करायचे. शेतावरचा सालदार झोकांड्या खायचा, शेजारचे पाटील खांबाला मिठी मारून "मन्ही सासू, मन्ही सासू" करायचे, आणि आम्ही पोरं हसून हसून लोळायचो. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या यात्रेला निघालेली माणसं मुद्दाम आमच्या गल्लीतून वाट वाकडी करून जायची.

आप्पा मात्र सोंग करत नसत. ते हायस्कूलचे हेडमास्तर होते. तापीकाठची आमची केळी-कापसाची जमीन भाऊबंदांत मोठी होती, पण आप्पांना शेतकरी म्हटलेलं आवडत नसे. सगळं गाव अहिराणी बोलायचं, माय अहिराणी बोलायची, बैलसुद्धा अहिराणीतच शिव्या खायचे. आप्पा तेवढे घरातही पुस्तकातलं मराठी बोलायचे. "पाणी आण" म्हणताना ते ण इतक्या ठसक्यात म्हणायचे की मला लहानपणी वाटे, आपल्या घरात एक साहेब राहायला आले आहेत. मला त्यांचा फार अभिमान होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मान खाली जाते, आणि ज्या माणसाचा अभिमान नव्हता त्याची लाज कशाला वाटेल?

आप्पांचा धाकटा भाऊ, माझे नानाकाका, नवापूरला कोंबड्यांच्या खाद्याचा धंदा करायचे. त्यांनी लग्न केलं ते चिंचपाड्यापलीकडच्या डोंगरातल्या एका आदिवासी पाड्यावरच्या मुलीशी, मीराकाकीशी. नर्सचं शिकलेली होती. तिच्या घरी आदिवासींची कोकणी बोलत, आमच्या घरी अहिराणी. मधल्या मधे ती बिचारी आमच्याशी शाळेतलं शुद्ध मराठी बोलायची आणि त्यावरून आमच्याकडच्या बाया तिला हसायच्या. आप्पा तसंच बोलायचे तर ते विद्वान, आणि ती बोलली तर हसू. सणावाराला नाना तिला घेऊन यायचे. कुणी तिला जा म्हणत नसे, पण ये म्हणून पाटही कुणी पुढे सरकवत नसे. ती भांडी घासायची, गोठा झाडायची. पाण्याचा तांब्या पाहुण्यांपुढे न्यायची वेळ आली की माय म्हणायची, "ऱ्हाऊ दे, बेबी ली जाई." बेबी म्हणजे मी. नववीत होते तेव्हा, आणि तांब्या नेताना मला त्यात काही खटकत नसे. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नाही ही आमच्याकडची रीतही काकी कसोशीनं पाळायची. आप्पा समोर आले की पदर डोळ्यांपर्यंत ओढून भिंतीकडे वळायची. आप्पांशी तिनं सरळ बोललेलं एक वाक्यही मला आठवत नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. पावसाळ्यात फुई गेली, आणि दिवाळीनंतर घरात गॅस आला. गल्लीत पहिलाच. लाल सिलिंडर बघायला बाया यायच्या, हात न लावता लांबूनच बघायच्या. माय पहिले काही दिवस शेगडी पेटवताना तोंड फिरवून, लांब हात करून काडी लावायची. महाशिवरात्र जवळ आली तसा आप्पांना एक प्रश्न पडला. चहाचा. दरवर्षी त्या दिवशी चहावाचून त्यांचं डोकं दुखायचं आणि फुईपुढे बोलायची छाती नव्हती. आता फुई नव्हती. आप्पांनी ओसरीवर येरझाऱ्या घालून निकाल दिला: "चूल म्हणजे मातीची आणि लाकडाची. गॅस म्हणजे चूल नव्हे. रूढीमागचा अर्थ समजून घ्यावा."

माय म्हणाली, "तुम्हीन सांगतस ते खरंच व्हई. पन फुई ऱ्हाती ते काय बोलती?"

"फुई गॅसबद्दल काहीही बोलली नव्हती," आप्पा म्हणाले, आणि ते खरंच होतं. फुईनं कशाबद्दलच काही सांगून ठेवलं नव्हतं. घोटा तापवू नका असं ती कधी म्हणाली नाही, कारण चूलच थंड असताना तो तापवणार कोण? कुठलाही शहाणपणा रीतीच्या पोटात असा गुंडाळून ठेवलेला असतो, आणि वरचं फडकं सोडवणारा बहुतेक वेळा आमच्या आप्पांसारखा चहाबाज असतो. त्या महाशिवरात्रीला सकाळी आमच्या घरी प्रथमच चहा झाला. गॅसची निळी फुरफुर आणि आल्याचा वास. आप्पा दोन कप प्यायले.

त्याच दिवशी दोंडाईच्याकडचे पाहुणे येणार होते. माझ्या थोरल्या बहिणीचं, सुमनताईचं, जमत आलं होतं. मुलगा बँकेत, वडील जिनिंगवाले, आणि त्या सगळ्यांच्या वरचढ मुलाचा मामा. यात्रेला जाता जाता आमच्याकडे थांबून ते होकार देणार, असं ठरलेलं. ताईची आधीची दोन स्थळं मोडली होती, मायच्या जिवाला घोर लागला होता. पाहुणे शहरातले, त्यांना गवताच्या वासाचा घोटा कसा द्यायचा? माय पाट्यावर वाटून झाल्यावर हिरव्या लगद्याचा वास घेत बसली. आप्पाच म्हणाले, "तुपात परतून घे. कच्चा वास मरेल." मायनं कढईत तूप सोडलं आणि फुईच्या मापानं, माणशी लिंबाएवढा, सढळ हातानं केलेला तो सगळा लगदा त्यात मंद आचेवर चांगला परतला. मी शेजारी खलबत्त्यात मिरी कुटत होते. कच्चा वास मेला. घरभर काहीतरी खमंग, जड दरवळलं. "आते कशी झकास लागस," माय म्हणाली. तुपासकट सगळं दुधात घोटलं, वर केशराची काडी.

पाहुणे आले तेव्हा ताईला साडी नेसवायची राहिली होती, मायचे हात तुपाचे, आणि मी ताईच्या वेणीत अडकलेली. नानाकाका गल्लीतल्या पोरांना घेऊन प्रकाशाला यात्रेत गेलेले. मायनं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि ट्रे काकीच्या हातात दिला. "मीरा, तू दी ये त्यासले." काकीचा चेहरा मला अजून दिसतो. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच पाहुण्यांपुढे जायचं होतं. तिनं हात पुन्हा धुतले, पदर नीट केला, पेल्यांच्या कडा कोरड्या फडक्यानं पुसल्या आणि गेली. परत आली ती हसत. "मोठ्या बाई, त्यांना आवडलं. अजून मागतायत." आप्पांनीही दुसरा पेला घेतला. मायनं चव बघता बघता अर्धा वाडगा संपवला.

तासाभरानं मामा म्हणाले की त्यांचे हात लांब झालेत. सगळे हसले. आमच्या गल्लीत हे सोंग जुनंच होतं, त्यामुळे सालदारानंही लगेच झोकांडी खाऊन दाखवली. पण मामा हसत नव्हते. हात पुढे धरून ते एकटक बघत होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मुलाचे वडील घड्याळ का थांबलं म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होते. नवरदेव मुलगा, ज्याच्या बँकेतल्या नोकरीचं एवढं कौतुक, तो गव्हाणीशेजारी जाऊन उलट्या करून आला आणि गोऱ्ह्याच्या गळ्यात हात टाकून बसला. माय पाट्यापाशी बसून एकटीच हसत होती. मध्येच तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती परत हसायची. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, म्हणतात ते असं. मला आधी गंमत वाटली. मग मी आप्पांकडे पाहिलं.

आप्पा छातीवर हात दाबून खांबाला टेकले होते. ओठ पांढरे पडलेले. "मी मरी ऱ्हायनू," ते म्हणाले. "मन्हा जीव चालना रे." आप्पांच्या तोंडून अहिराणी मी जन्मात पहिल्यांदाच ऐकली. घरातले साहेब निघून गेले होते आणि त्यांच्या जागी एक घाबरलेला खेडूत बसला होता. गल्ली गोळा झाली. शाळेतली पोरं कुंपणावर चढली.

मामांना तेवढ्यात थोडी शुद्ध आली असावी. त्यांनी वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. "पान कोठलं?"

"आंगणमातलं. दरसालनं," आप्पा म्हणाले.

"माप?"

"फुईनंच."

"दूध?"

"घरनं."

"मंग नवं काय शे?"

आणि मग मी आप्पांची नजर सावकाश फिरताना पाहिली. ती मायवरून गेली, माझ्यावरून गेली आणि दाराआड पदर ओढून उभ्या असलेल्या काकीवर जाऊन थांबली. "हाई," ते म्हणाले. "हाई नवी शे. डोंगरनी बाई शे ती. तिले जडीबुटी ठाऊक ऱ्हास. हिनी टाकं काहीतरी."

मी ओरडले, "आप्पा, गॅसबी नवा शे! मायनी गॅसवर परतं ते. काकीनी नुसता ग्लास दिन्हात!" यावर सगळे हसले. आप्पाही. गॅसनं कुणाला चढतं का? मामा म्हणाले, "हुशार पोर शे तुमनी, मास्तर." मलाही नंतर वाटलं की आपण काहीतरी बावळटासारखं बोललो. पान तेच, माप तेच. विस्तवावर ठेवल्यानं पान बदलतं हे त्या अंगणात उभ्या असलेल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि काकीला बघण्याची सवय मात्र सगळ्यांना होती.

पातेल्यात तळाशी थोडा घोटा उरला होता. तो पेल्यात ओतून मामांनी काकीपुढे धरला. "काही टाकं नही ना? मंग पी." सगळी गल्ली बघत होती. काकीनं पेला घेतला नाही. आप्पा म्हणाले, "पी." जेठाला उत्तर द्यायचं नाही, म्हणून ती मायकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मोठ्या बाई, मला चालत नाही." बाईनं बाईला सांगायची ती भाषा. शुद्धीवरच्या कुठल्याही बाईला ती कळली असती. माय तिच्या तोंडाकडे बघून हसायला लागली, हसतच राहिली. "देखा," मामा म्हणाले. "पीत नही." एवढा पुरावा पुरला. पाहुणे एकमेकांना धरून जीपमध्ये चढले आणि यात्रेला न जाता घरी परतले.

नाना रेवड्यांच्या पुड्या घेऊन ऊन उतरता आले, तेव्हा काकी पिशवी भरून बाहेरच्या ओट्यावर बसली होती. मी नानांना सगळं सांगितलं. ते आत गेले. आप्पा पांघरूण घेऊन पडले होते. त्यांनी भावाकडे न बघताच सांगितलं, "तिले ली जाय." नानांनी पिशवी उचलली, आणि दोघं एसटीच्या फाट्याकडे चालू लागले. मी स्वयंपाकघरात गेले तर सगळे पेले घासून, पुसून, ओट्यावर पालथे ओळीनं मांडून ठेवलेले. पातेलंही. कढई तेवढी राहिली होती, ती शेगडीवर होती आणि काकी गॅसला कधी हात लावत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला उठले तेव्हा आप्पा स्वयंपाकघरात उभे होते. ते कधी तिकडे पाय ठेवत नसत. त्यांनी ती कढई उचलून नाकाशी धरली होती. तळाशी हिरवं तूप थिजलेलं. किती तरी वेळ ते तसेच उभे होते. मग मायला म्हणाले, "हे उकिरड्यावर टाक. आणि राखेनं घास." शुद्ध मराठीत. नंतर फावडं घेऊन ते मागच्या अंगणात गेले आणि भांगेचं झुडूप मुळासकट उपटून काढलं. आमच्या घरी पुन्हा कधी घोटा झाला नाही. मला तेव्हा वाटलं, आप्पांना भीती बसली. मुलगी बापाच्या बाबतीत किती आंधळी असते!

दोन-तीन दिवसांनी मामा आले. पाहुण्यांची आमच्याकडे जी शोभा झाली होती, ती त्यांनाही कुणाच्या तरी माथी मारायची होतीच. "आम्हनाकडथीन सोयरीक पक्की," ते म्हणाले. "फक्त ती बाई लगनमा नको. तिना पाय तुमना घरमा नको." माय आप्पांकडे बघत होती. ताई दाराआडून ऐकत होती. आप्पांनी घसा साफ केला. "ती येणार नाही," ते म्हणाले. "तिचा आमचा संबंध संपला." मामांनी पेढा मोडला.

ताईचं लग्न थाटात झालं. नाना एकटे आले, आहेर दिला आणि न जेवता गेले. आणि पावसाळ्यात नवापूरहून निरोप आला की नानांना मुलगी झाली. माय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. पिठाच्या बोटांनी तिनं महिने मोजले आणि तिथंच खाली बसली. "तवय तिले दिवस व्हतात," ती म्हणाली. "तिनी माले सांगं, नि मी हासनू." आप्पा ताटावर होते. मायनं ते पुन्हा, मोठ्यानं म्हटलं, त्यांना ऐकू जावं म्हणून. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि जेवण पुरं केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आप्पा शाळेत फार सुंदर समजावून सांगायचे. मी त्यांच्याच वर्गात शिकले होते ती. त्या दिवसापासून आप्पांच्या शुद्ध मराठीची मला शिसारी यायला लागली. शाळेत ते प्रार्थनेनंतर बोलायला उभे राहिले की मी पायाकडे बघत राहायचे. मैत्रिणींना वाटायचं मी लाजाळू आहे. मला लाजच वाटायची, पण ती वेगळी.

आता माय नाही, नाना नाहीत. मागच्या वर्षी मीराकाकीही गेली. तिच्या दिवसांना मी नवापूरला गेले होते. पाटावर मला पहिलं बसवलं त्यांनी. आप्पा नंदुरबारला माझ्याकडे असतात. नव्वदीला आलेत, ऐकू कमी येतं, पाय गेलेले. आणि नानांची ती मुलगी, ज्योती, शहाद्याच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. नवापूरला जाता-येता थांबते, मोठ्या बाबांच्या गोळ्या बघते, कुठली कधी घ्यायची ते त्यांना जोरात ओरडून सांगते. कशासाठी येते ते मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला तोंड हवं.

या महाशिवरात्रीला ती आली होती. मी रताळी सोलत होते. मोबाइलवर कुणी तरी भांगेच्या पेल्याचं चित्र पाठवलं होतं. आजवर धीर झाला नव्हता तो प्रश्न मी चित्राच्या निमित्तानं विचारला, अगदी सहज विचारल्यासारखा: कच्चं पान आणि तापवलेलं पान, यात फरक असतो का गं?

"खूप," ती म्हणाली. तिनं मला वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं. ताज्या पानात नशेचा पदार्थ तयार नसतोच जवळजवळ. असतं ते त्याचं आम्लाचं रूप, टीएचसीए. त्याला एक शेपूट आहे असं समज. शेपूट आहे तोवर ते डोक्यात चढत नाही. पान वाळलं, जुनं झालं की थोडं थोडं गळतं ते, पण विस्तवावर ठेवलं की भराभर गळतं, हवा होऊन उडून जातं, आणि उरतं ते टीएचसी. नशा त्याची. "आणि तुपात परतलं असेल तर विचारूच नको. ते तुपात विरघळतं, पाण्यात नाही. पोटातून जातं म्हणून तासभर काही कळत नाही, माणूस आणखी पितो. गार पाण्यात वाटलेल्या ताज्या पानाचं माप तुपात परतलेल्याला लावलं तर माणूस घाबरून मरायचाच बाकी राहील."

म्हणजे गॅसच नवा होता. नववीतली एक बावळट पोर बरोबर बोलली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी आप्पांच्या खाटेजवळ गेले, वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, ऐकलंत? काकीनं काही टाकलं नव्हतं. तापवल्यानं झालं ते." वाटलं, ते चकित होतील, रडतील, काहीतरी होईल.

आप्पा छताकडे बघत होते. "मले तवयच माहीत व्हतं," ते म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांच्या तोंडून अहिराणी ऐकत होते मी. "दुसरा रोज सकायलेच. कढईना वास लिन्हा नि समजनं. पन सुमननं लगन व्हतं."

मी खाटेची दांडी धरून राहिले. वयस्क झालेल्या बापाला काय बोलतात? मला त्यांची लाज वाटली, त्यांच्या पोटी जन्मल्याची लाज वाटली, आणि ज्योतीकडे मान वर करून बघायची हिंमत झाली नाही. तिला हे सगळं कसं सांगावं, कुठून सुरुवात करावी, याची मी जुळवाजुळव करत होते. ती गोळ्यांची पाकिटं डब्यात लावत होती, सकाळच्या एका बाजूला, संध्याकाळच्या एका बाजूला. हात न थांबवता ती म्हणाली, "आई म्हणायचीच, मोठे बाबा हुशार आहेत. त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं असेल."

मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "येतील, म्हणायची. शेवटपर्यंत म्हणायची, येतील एखाद्या दिवशी."